मानाचं हाड

पत्र गेलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी बुरुलनं अंगातला कोट न काढताच कॉम्प्युटर सुरू केला, कारण खिडकीखालचा हीटर अजून गारठलेलाच होता. टपालाचा प्रोग्रॅम उघडला, आणि तिची नजर रोजच्यासारखी आलेल्या पत्रांवर न जाता कशी कोण जाणे डाव्या बाजूला खाली घसरली. आउटबॉक्स, आणि त्याच्यापुढे दोनाचा ठळक आकडा. त्या जागी कधी आकडा नसतो. तिनं तिथं क्लिक केलं. एक पत्र प्रिंटरची शाई संपली म्हणून भांडारात धाडलेलं, आणि दुसरं इसाबेक आगायंना, म्हणजे इसाबेक सरांना, संस्थेच्या संचालकांना, गुरुवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर लिहिलेलं. दोन्ही तिरप्या अक्षरांत. जायच्या रांगेत थांबलेली पत्रं हा प्रोग्रॅम तिरप्या अक्षरांत दाखवतो हे तिला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, आणि ते ज्ञान आजपर्यंत तिच्या काही उपयोगी पडलं नव्हतं. पडद्याच्या अगदी तळाशी, जिथं माणसाची नजर वर्षानुवर्षं जात नाही, बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं की काम ऑफलाइन चालू आहे. तिनं पत्र उघडलं. 'आगाय, आज दुपारी मी आपल्या कोशाचं पहिलं पान पाहिलं. त्यावर संपादक म्हणून तुमचं नाव आहे आणि माझं नाव कुठंच नाही. हा कोश मी केला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. उद्या तुमच्या साठीच्या मेजवानीआधी तुम्ही मला पान बदलू असं सांगितलं नाही, तर माझी बोलायची पाळी येईल तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांसमोर हे सांगेन.' खाली तिचं नाव. शब्द न शब्द तिचा होता आणि त्यातला एकही शब्द या खोलीबाहेर गेला नव्हता. शुक्रवारी मेजवानी झाली होती. तिची पाळी आली होती. ती बोललीही होती. आणि काय बोलली ते आठवताच तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि तिला कोट काढावासा वाटला.

तिला आधी राग आला तो त्या प्रोग्रॅमचा. गुरुवारी तिनं 'पाठवा'वर बोट दाबलं होतं तेव्हा पत्राची खिडकी नेहमीसारखी चटकन मिटली होती. म्हणजे काय समजायचं माणसानं? पोस्टातली बाई तिकीट नसलं तर पाकीट फणकाऱ्यानं तोंडावर परत फेकते, पण फेकते तरी. हा मेला होयबा. हो म्हणाला, मान डोलावली आणि पत्र बुडाखाली घालून बसला. बरं, बाकी सगळं जिथल्या तिथं. जुनी पत्रं दिसत होती, उघडत होती, शोधून सापडत होती, फक्त ना काही येत होतं ना काही जात होतं. संस्थेचं टपाल याच एका कॉम्प्युटरवर, तिच्या फोनवर ते कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे शुक्रवार, शनिवार, रविवार ती शहरभर हिंडली ती पत्र पोचलेली बाई म्हणून. तिनं लिहिलंय, त्यांनी वाचलंय, असं धरून तिनं प्रत्येक चेहरा वाचला, प्रत्येक नमस्कार तोलला. आता त्या सगळ्याचं काय करायचं? गुरुवारी ती बसस्टॉपवर उभी होती, कोळशाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण तोंड उघडलं म्हणून पाय हलके झाले होते. ते हलकेपणसुद्धा फुकटचं. ती ज्याला घाबरली होती, ज्याच्यापुढे ताठ उभी राहिली होती, तो माणूस त्या वेळी आपल्या घरी निवांत चहा पीत असणार, आणि त्याच्या फोनमध्ये तिच्या नावाचं काही म्हणजे काही नसणार.

कोश कुरणांच्या नावांचा होता. उन्हाळ्यात मेंढपाळ वर जातात तिथल्या उतारांची, ओहळांची, खडकांची नावं, जी नकाशावर नसतात आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर जातात. बुरुल अठ्ठावीसची होती तेव्हापासून ती वर जात होती, कधी ट्रकच्या मागच्या फळीवर, कधी उसन्या घोड्यावर. बायका घोड्यांचं दूध काढत असायच्या, त्यांच्या शेजारी उकिडवं बसायचं आणि विचारायचं, समोरच्या त्या उताराला काय म्हणता? त्या हसायच्या. उताराला काय म्हणायचं, उतार म्हणायचं. मग दोन वाट्या त्याच दुधाचं आंबूस कुमिस पोटात गेल्यावर कुणीतरी सांगायची की हा 'घोडी वळून बघते', आणि तो पलीकडचा 'सुनेनं रडायची जागा'. एका वर्षी लेकीला ताप असताना आईजवळ टाकून गेली होती. उतरून आली तेव्हा पोर सुकून काडी झालेली, आणि आई एवढंच म्हणाली होती, "नावं आणलीस ना पुष्कळ? घाल पोरीला खायला." ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं तिच्या मागं मागं आलं. इसाबेक आगाय एकदाही वर आले नव्हते. उंचीवर त्यांचं डोकं दुखायचं. सह्या मात्र कधी अडवल्या नाहीत, ट्रकसाठी, रजेसाठी, कागदासाठी, आणि त्याबद्दल बुरुल त्यांना चांगलं म्हणत आली होती. बाईमाणूस कशाकशाला चांगलं म्हणतं याचा हिशेबच नाही.

शुक्रवारच्या मेजवानीला ती वाक्य पाठ करून गेली होती. सभागृहात लांब टेबलं, मधे बोरसोकचे, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचे ढीग, सुकामेवा, कापलेली सफरचंदं, आणि वरच्या टोकाला इसाबेक आगाय, डोक्यावर नवी पांढरी टोपी. ते सगळ्यांशी हसले, तिच्याशीही हसले, आणि तिला वाटलं, काय कलेजा आहे या माणसाचा. पत्र वाचूनही हसतोय. तिनं मुद्दाम खाल्लं नाही. पहिली भाषणं झाली, कुणी रेशमी चापान अंगरखा त्यांच्या खांद्यावर घातला, कुणी घोड्याचा लगाम भेट दिला, आणि मग मांस आलं. ताट घेऊन त्यांचा धाकटा भाऊ टेबलाच्या कडेनं फिरू लागला. कुणाच्या पुढ्यात कुठलं हाड जातं हे कुणी बोलून सांगत नाही, पण सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असतात. एखाद्याला वयाच्या मानानं हलकं हाड आलं तर तो दहा वर्षं विसरत नाही. बायकांमधला सगळ्यांत मोठा मान शेपटाकडच्या हाडाचा, आणि तो संस्थेत कायम सोनुन-एजेंचा. एजे म्हणजे ताई, आणि त्या सगळ्यांत वडील, निवृत्तीचं वय उलटून गेलेलं. सोनुन-एजे तिच्या शेजारीच बसल्या होत्या. बुरुलनं बघितलं ते असं की भाऊ त्यांच्यापाशी थांबला, इसाबेक आगाय वरच्या टोकाकडून पुढे झुकले, भावानं त्यांच्याकडे बघितलं, आणि आगायंनी हात छातीवर ठेवून मान लववली, सरळ बुरुलकडे बघत. आणि ते हाड, वाफाळतं, चरबीनं चकाकणारं, सोनुन-एजेंना ओलांडून तिच्या पुढ्यात आलं.

तिला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. तिला लहानपणापासून हेच शिकवलं होतं. तिचा बाप हाताचा फटकळ होता आणि तोंडाचा मुका. एकदा मेंढरू दरीत पडलं ते तिच्यामुळे नव्हतं, तरी चाबकाची मूठ तिच्या पाठीवर बसली होती, आणि खरं काय ते बापाला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कळलं. रात्री जेवताना त्यानं आपल्या ताटातलं नळीचं हाड काढून तिच्या ताटात टाकलं आणि तोंड फिरवून चहा ओढू लागला. आईनं कोपरानं ढोसलं होतं. "खा. माफी मागतोय तुझा बाप." पाठ अजून ठणकत होती आणि ती नळीतला मगज चोखत होती, आणि तो फार चवदार लागला होता हेही तिला आठवतं. पुढं नवरा आला, तोही तसलाच. भांडून दार आपटून जायचा आणि परत यायचा तो काखेत भलंमोठं कलिंगड घेऊन. कलिंगड कापायचं, बिया थुंकायच्या, भांडण संपलं. तिनं आयुष्यभर गोष्टी गिळल्या त्या अशा, अक्षरशः. पुरुष शब्द देत नाहीत, वस्तू सरकवतात, आणि शहाणी बाई वस्तूमधून शब्द वाचते. तिनं हाड बघितलं आणि वाचलं. बुरुल, चुकलो. पान बदलतो. चारचौघांत तोंडानं म्हणायला लावू नकोस. एवढ्या सगळ्या पाहुण्यांसमोर, सोनुन-एजेंचा मान काढून तुला देतोय, याहून जास्त काय करू? तिचे डोळे भरून आले. तिनं चाकू घेतला, मांस सोडवलं, रीतीप्रमाणे शेजारपाजारच्या बायकांना तुकडे दिले, आणि स्वतः खाल्लं.

आणि मग तिची पाळी आली. उभी राहिली ती बाई वेगळीच होती, उदार, मोठ्या मनाची, जिंकलेली. जिंकलेल्या माणसानं कमी बोलावं म्हणतात, पण तिला कुठलं राहवतंय. "हा कोश आगायंचा आहे," ती म्हणाली. "आम्ही नुसत्या काड्या गोळा केल्या. जुडी बांधणारा हात त्यांचा." टाळ्या झाल्या. तिनं आणखी ओढलं, की आगाय नसते तर या नावांवर बर्फ पडला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. इसाबेक आगाय उठून आले, तिच्या कपाळाला ओठ टेकले, कुणीतरी फोटो काढला. तिला वाटत होतं की आपण दोघं एक गुपित सांभाळतोय, तो आपली लाज राखतोय आणि आपण त्याची. निघताना उरलेलं मांस पिशवीत बांधून मिळालं. शनिवारी लेकीनं त्याचा रस्सा केला, आणि लेक म्हणाली, "आई, आज तू गातेयस." गातच होती. रविवारभर ती गात होती, कपडे वाळत घालताना, खिडक्या पुसताना. आणि तेवढा सगळा वेळ पत्र इथं, या गार खोलीत, तिरप्या अक्षरांत बसून होतं. तिला आता त्या रश्श्याची चव घशाशी आल्यासारखी वाटली आणि तिनं थंड पाण्याचा घोट घेतला.

दार उघडून सोनुन-एजे आत आल्या, डोक्याचा रुमाल सोडत. त्यांचं टेबल समोरच. "काय थंडी पडलीय," त्या म्हणाल्या, "तुझं नाक बघ, बीट झालंय. चहा टाकू?"

"एजे," बुरुल म्हणाली, "माझं टपाल ऑफलाइन कुणी केलं?"

"मीच की. गुरुवारी जाताना. तू खाली पुस्तकं परत द्यायला गेली होतीस." त्यांनी पिशवीतून पाव काढला. "रोज करते मी. या खोलीतल्या सगळ्यांचं करते. सकाळी तुमच्याआधी येऊन परत लावते, म्हणून तुम्हाला कधी कळत नाही. शुक्रवारी मेजवानीमुळे इथं कुणी आलंच नाही, आणि आज बसनं दगा दिला."

"पण का करता?"

"का म्हणजे? उघडं टाकून जायचं का? गॅस बंद करतेस ना घरातनं निघताना?" पूर्वी संस्थेत इंटरनेट मोजून मिळायचं तेव्हा टपालाची चावी सोनुन-एजेंकडे होती. सकाळी एकदा, दुपारी एकदा त्या ऑनलाइन जायच्या, सगळ्यांची पत्रं गोळा करून सोडायच्या, आलेली उतरवून घ्यायच्या, आणि लगेच तार तोडायच्या. नळाला पाणी आल्यासारखी सगळी खोली त्या वेळी गडबडीत असायची. मोजणं कधीच बंद झालं, पण एजेंचं बोट थांबलं नाही. "माझ्या हातनं या संस्थेचा एक थेंब वाया गेला नाही," त्या म्हणाल्या. "काय अडलंय का तुझं?"

बुरुलला किंचाळावंसं वाटलं. किंचाळायचं कुणावर? या बाईवर, जिनं तिला पहिल्या दिवशी स्वतःचे लोकरी मोजे काढून दिले होते? तेवढ्यात एक साधा प्रश्न तिच्या मनात आला आणि तो विचारू नये हे तिला कळत होतं, तरी तिनं विचारला. "एजे, शुक्रवारी तुमचं हाड मला का दिलं?"

सोनुन-एजे खुदकन हसल्या आणि तोंडावर हात ठेवला. "दिसलं होय तुला? अगं, नवी कवळी. मंगळवारीच बसवली. घट्ट चिकट मांस, ओढायला गेले आणि कवळी ताटात आली तर? इसाबेकच्या साठीला तेवढंच राहिलं होतं. मी त्याच्या भावाला म्हटलं, इकडे बुरुलला सरकव, माझ्यामागं तीच वडील. तो बावळट, वर इसाबेककडे बघायला लागला, विचारायला. इसाबेक मोठ्या मनाचा, मान हलवली त्यानं. तुला बरं वाटलं ना? मला वाटलंच तुला बरं वाटलं. काय सुंदर बोललीस पोरी. मला रडू आलं."

कवळी. म्हणजे माफी नव्हती, मानसुद्धा नव्हता, एका म्हातारीच्या हिरड्या होत्या. तिला स्वतःचाच संताप आला. कोण म्हणालं होतं की हाड बोलतं? आई म्हणाली होती. आईला तरी कुणी सांगितलं? कदाचित बापाला त्या रात्री भूकच नसेल. कदाचित त्याची दाढ दुखत असेल. तो माफी मागत होता हे त्यानं कधी सांगितलंय? नवऱ्यानं कलिंगड आणलं ते बाजारात स्वस्त होतं म्हणूनही असेल. तिनं आणि आईनं आणि या संस्थेतल्या सगळ्या बायकांनी बसून बसून पुरुषांच्या वतीनं माफ्या लिहिल्या, स्वतःच वाचल्या, स्वतःच रडल्या, आणि पुरुष आपले दात कोरत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रोग्रॅमला शिव्या देत होती ती, की खिडकी मिटतो आणि गेल्याचं भासवतो. तिनं तरी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

तिनं वरच्या पट्टीतली ती खूण शोधली आणि काढली. खालची करडी अक्षरं पुसली गेली. धडाधड पत्रं येऊ लागली, अभिनंदनाची, शुक्रवारच्या फोटोंची, एकात तिच्याच कपाळावर टेकलेले आगायंचे ओठ. आउटबॉक्समधून शाईचं पत्र निघून गेलं. तिचं पत्र गेलं नाही. तिनं ते वाचायला उघडलं होतं, आणि एकदा उघडलेलं पत्र हा प्रोग्रॅम आपणहून सोडत नाही, पुन्हा 'पाठवा' म्हणावं लागतं. अक्षरं आता सरळ झाली होती. म्हणजे आता पुन्हा सगळं तिच्यावर आलं. पुसून टाकलं तर कुणाला कळणार नव्हतं. पाठवलं तर लोक म्हणणार, बाई शुक्रवारी टाळ्या घेऊन गेली आणि सोमवारी पिसाळली. तिनं कर्सर एकदा पुसायच्या खुणेवर नेला. ते बोट तिला आईचं वाटलं. उयात, आई म्हणायची, लाज वाटू दे, लोक काय म्हणतील. लोकांनी म्हणायचं ते म्हणून झालं होतं, टाळ्या वाजवून झाल्या होत्या, आणि पहिल्या पानावर अजूनही तिचं नाव नव्हतं.

दारात इसाबेक आगाय उभे होते, हातात मिठाईचा डबा. सकाळपासून खोल्याखोल्यांत जाऊन आभार मानत होते. "सोनुन-एजे, तोंड गोड करा. बुरुल, तू तर दोन घे. तू बोललीस ते माझा भाऊ घरी जाऊन आईला शब्दन्‌शब्द सांगत होता."

"आगाय, मी गुरुवारी तुम्हाला पत्र लिहिलं होतं."

"मला नाही आलं काही."

"माहीत आहे. इथंच आहे. वाचा."

ते तिच्या खुर्चीमागं येऊन वाकले. त्यांच्या कोटाला शुक्रवारच्या धुराचा आणि नव्या रेशमाचा वास होता. ते वाचत असताना बुरुलनं त्यांच्याकडे बघितलं नाही, हीटरकडे बघितलं. वाचायला त्यांनी बराच वेळ घेतला. सोनुन-एजेंनी पावावर लोणी लावणं थांबवलं. मग आगायंनी हलकेच तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो आवाज खरोखर प्रेमळ होता, तिला पुढे कितीतरी दिवस त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"गेलं नाही ना हे? मग झालं. देवानं वाचवलं तुला आणि मलाही. रागात माणूस लिहितो, मी काय लिहिलं नाही का कधी? पुसून टाक. मी वाचलंच नाही असं समज."

"आणि पहिलं पान?"

"आता कसलं पान बुरुल? तूच तर भरल्या टेबलावर शब्द दिलास. पाहुणे होते, मंत्रालयातली माणसं होती. तुझ्या शब्दाला मान आहे, तो मी मोडू?" त्यांनी क्षणभर विचार केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघ, प्रस्तावनेत आभार मानतो. सगळ्यांत पहिलं नाव तुझं. आज दुपारी फाइल छापखान्यात जायची आहे, त्याआधी स्वतः लिहितो." आणि त्यांनी मिठाईचा डबा उघडून तिच्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि बोटानं तिच्याकडे सरकवला.

ते बोट तिनं बघितलं. तेच. शंभर घरांतलं तेच बोट, तेच सरकवणं.

"शुक्रवारी मी ते ज्या माणसाला बोलले," ती म्हणाली, आणि आवाज चढला तो तिनं खाली आणला नाही, "त्यानं हे पत्र वाचलेलं होतं. वाचून तो लाजला होता आणि मला हाड देऊन माफी मागत होता. तो माणूस तिथं नव्हताच, आगाय. तिथं तुम्ही होता. तुम्हाला मी काही शब्द दिलेला नाही."

"कसलं हाड?" इसाबेक आगाय म्हणाले, आणि ते खरंच विचारत होते. त्यांनी सोनुन-एजेंकडे बघितलं. एजेंनी मान खाली घातली. "बुरुल, तुला बरं नाहीये का? घरी जा आज."

"तोंडानं म्हणा. कोश बुरुलनं केला. एवढंच. इथं आपण तिघंच आहोत."

आगायंनी तोंड उघडलं, मिटलं, मग घड्याळ बघितलं, मग दुसऱ्या खोलीत लोक थांबलेत असं काहीतरी पुटपुटले आणि गेले. डबा तिथंच राहिला. बुरुलनं तो उचलून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. मग पत्राच्या वरच्या ओळीत, जिथं एकट्या आगायंचं नाव होतं, तिनं संस्थेतल्या सगळ्यांची नावं घातली, छापखान्याचंही घातलं. पत्राच्या शेवटी तिनं आणखी लिहिलं. लिहिताना चुका होत होत्या, त्या तिनं एकेक करून दुरुस्त केल्या. 'हे पत्र मी मेजवानीच्या आदल्या दिवशी लिहिलं. ते गेलं नाही आणि मला ते कळलं नाही. मेजवानीत मला मानाचं हाड मिळालं तेव्हा मला वाटलं की हे वाचून आगायंनी माफी मागितली आहे, म्हणून मी कोश त्यांचा आहे असं म्हटलं. ते खोटं होतं. माफी कुणीही मागितलेली नाही. कोश मी केला आहे.' तिनं ते परत वाचलं. याच्यावर लोक हसतील, आज जेवायच्या सुट्टीत हसतील, लेकीच्या लग्नात हसतील. बुरुलनं हाडात माफी वाचली म्हणे. हसू देत.

तिनं 'पाठवा' दाबलं. खिडकी चटकन मिटली. या वेळी तिनं विश्वास ठेवला नाही. आउटबॉक्स उघडून ती उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर टेकून, आणि एकाचा आकडा पडद्यावरून जाईपर्यंत हलली नाही. आकडा गेला. गेलेल्या पत्रांच्या यादीत सगळ्यांत वर तिची ओळ आली. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी कॉम्प्युटरनं घंटी दिली, मग दुसऱ्याच्या. कॉरिडॉरमध्ये इसाबेक आगायंचा हसण्याचा आवाज मधेच थांबला.

सोनुन-एजेंनी चष्मा नाकावर चढवला, आपलंही टपाल ऑनलाइन लावलं आणि पडद्यात डोकावल्या. "बुरुल," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुझं काहीतरी आलंय मला."

"वाचा, एजे."

"वाचते आहे."

"मनात नको," बुरुल म्हणाली. "दार उघडंय. मोठ्यानं वाचा."